चढावर मागे पडणाऱ्यांसाठी वाहू किकर कोर

थंडी सरली की बऱ्याच ग्रुपमध्ये एकच चित्र दिसतं. सपाटीवर सगळे एकत्र असतात. पहिला लांब चढ लागला की दोघे-तिघे निघून जातात. बाकीचे माथ्यावर पोचतात तेव्हा ती मंडळी पाणी पिऊन, जॅकेट चढवून निघायच्या तयारीत उभी असतात. मग घरी आल्यावर काट्यावर उभं राहायचं, तीन-चार किलो जास्त दिसतात, आणि पुढच्या थंडीच्या आधी एक स्मार्ट ट्रेनर, म्हणजे सायकल जागेवर बसवून घरात चालवायचं आणि पायाची ताकद मोजणारं यंत्र, विकत घ्यायचा, हा ठरलेला क्रम. वाहूचा किकर कोर त्यासाठी बराच घेतला जातो. तो २०१८ साली आला, मधल्या किंमतपट्ट्यातल्या डायरेक्ट ड्राइव्ह ट्रेनरमध्ये त्याचं नाव पहिल्या दोन-तीनांत येतं, आणि वापरलेला म्हणूनही सहज मिळतो. आवाज, ॲप, रस्त्यासारखा फील यांवर भरपूर लिहून झालंय. इथे प्रश्न एकच: हिवाळ्यात चढलेलं वजन उतरवून वेगवान जोडीदारांच्या चाकाला चिकटून राहायचं असेल, तर हे यंत्र किती उपयोगाचं?

थोडक्यात सांगायचं तर वजन उतरवण्याचं यंत्र म्हणून सामान्य, आणि वजन उतरताना वॅट सांभाळण्याचं यंत्र म्हणून फार चांगलं. दोन्हींत बराच फरक आहे आणि बहुतेकांची फसगत तिथेच होते.

आधी हिशेब

७६ किलोचा रायडर, सायकल-बाटल्या-कपडे मिळून १० किलो, आणि तासभर टिकणारी ताकद, म्हणजे एफटीपी, २३० वॅट असं धरू. आठ टक्के चढावर हा रायडर २३० वॅटने ताशी साधारण १०.९ किलोमीटर जातो. त्याच वॅटला ४ किलो कमी झाले तर ११.४. आठ किलोमीटरच्या चढात जवळपास दोन मिनिटं वाचली, म्हणजे किलोमागे अर्ध्या मिनिटाला थोडं कमी. पुढचा माणूस नजरेच्या टप्प्यात राहतो की वळणाआड जातो, ते एवढ्यावरच ठरतं.

आता तोच हिशेब सपाटीवर. एकट्याने, वारा नसताना, २३० वॅटला वेग ताशी ३४.४. चार किलो उतरवल्यावर ३४.५. बस, एवढाच फरक, कारण सपाटीवर बहुतेक ताकद हवा कापण्यात जाते आणि हवेला तुमच्या वजनाशी देणंघेणं नसतं. तेव्हा ट्रेनर मागवण्याआधी नीट आठवून बघा, तुम्ही सुटता कुठे? चढावर सुटत असाल तर पुढचं वाचा. सपाटीवर किंवा वळणानंतरच्या वेगवाढीत सुटत असाल तर पुढच्याच्या चाकामागे नीट बसायला शिका. तिथे पाव ते तिसरा हिस्सा ताकद फुकट वाचते, आणि त्यासाठी ना ट्रेनर लागतो ना डाएट.

उदाहरणाची दुसरी बाजू जास्त महत्त्वाची. ७६ किलोला २३० वॅट म्हणजे किलोमागे ३.०३ वॅट. वजन ७२ वर आलं आणि वॅट टिकले तर ३.१९. पण घाईघाईत उपाशी राहून वजन उतरवलं आणि एफटीपी फक्त पाच टक्क्यांनी घसरला, तर २१८ भागिले ७२, म्हणजे पुन्हा ३.०३. चढावर जिथे होता तिथेच, आणि सपाटीवर ताशी अर्ध्या किलोमीटरहून जास्त मागे. अडीच महिने भुकेले राहून पदरात हेच. एफटीपी पाच टक्क्यांनी घसरणं फार सोपं आहे. हिवाळ्यात फक्त सावकाश राईड केल्या आणि ताटातलं कमी केलं की आपोआप होतं. किकर कोरचा खरा उपयोग ही घसरण वेळेवर दाखवण्यात आणि थांबवण्यात आहे.

यंत्र

मागचं चाक काढायचं आणि फ्रेम थेट ट्रेनरवर बसवायची, असा हा प्रकार. वजन १८ किलो, फ्लायव्हील, म्हणजे फिरणारं जड चाक, ५.४ किलोचं. कंपनीच्या आकड्यांनुसार कमाल रेझिस्टन्स १८०० वॅट, चढाची नक्कल १६ टक्क्यांपर्यंत, अचूकता अधिक-उणे २ टक्के. पहिले दोन आकडे आपल्या कामाला पुरून उरतात. १८०० वॅट स्प्रिंटरला लागतात, आणि त्यालाही काही सेकंदच.

तिसऱ्या आकड्यापाशी मात्र थांबायला हवं. २३० वॅटचे दोन टक्के म्हणजे साडेचार वॅट. ७६ किलोच्या रायडरच्या वॅट-प्रति-किलोत हे दीड किलो वजनाइतकं होतं. म्हणजे महिनाभर मेहनत करून उतरवलेले दीड किलो ट्रेनरच्या चुकीच्या पट्ट्यात सहज लपतात. यावर उपाय महागडा ट्रेनर नव्हे. एकच यंत्र, दर वेळी सारख्याच पद्धतीने तापवून आणि कॅलिब्रेट करून वापरलं तर त्याची चूकही बरीचशी एकाच दिशेला राहते, आणि बदल खरा आहे की नाही ते कळतं. अडचण येते ती घरात ट्रेनरचे वॅट आणि बाहेर पेडल किंवा क्रँकच्या मीटरचे वॅट एकाच तक्त्यात मांडणाऱ्यांची. चेन आणि कॅसेटमध्ये (मागच्या दातेरी चकत्यांच्या संचात) काही वॅट जातातच, त्यामुळे ट्रेनर पेडलपेक्षा दोन-चार टक्के कमी दाखवतो. "घरात ताकद कमी भरते" ही तक्रार काही अंशी इथून येते. पॉवर मीटर असेल तर ॲपमधलं पॉवर मॅच चालू करा म्हणजे ट्रेनर मीटरच्या आकड्यावर चालेल. नसेल तर दोन वेगळ्या वह्या ठेवा.

कॅलिब्रेशनला स्पिनडाउन म्हणतात. किमान दहा मिनिटं चालवून ट्रेनर गरम झाल्यावरच ते करायचं. ॲप सांगेल त्या वेगापर्यंत नेऊन पाय पूर्ण थांबवायचे आणि फ्लायव्हील आपोआप थांबू द्यायचं. थंड ट्रेनरवर केलेलं स्पिनडाउन निरुपयोगी, कारण पट्टा आणि बेअरिंग तापले की घर्षण बदलतं. आठवड्यातून एकदा पुरे. ट्रेनर हलवला किंवा खोलीचं तापमान बरंच बदललं तर पुन्हा. महागड्या किकरच्या पाचव्या आवृत्तीपासून हे काम यंत्र स्वतः करतं. कोरमध्ये ते आपल्याकडेच आहे आणि लोक नेमकं तेच टाळतात.

जोडणी, आणि पहिल्याच दिवशी काय चुकतं

मूळ कोरबरोबर बहुधा कॅसेट येत नाही. सायकलीला जितक्या स्पीडची आहे तितक्याच स्पीडची वेगळी घ्या, दातेही शक्यतो तेच. ट्रेनरचा फ्रीहब, म्हणजे कॅसेट जिथे बसते तो भाग, शिमानोच्या एचजी पद्धतीचा, ११ स्पीडचा असतो. ८, ९ किंवा १० स्पीडची कॅसेट चढवणार असाल तर आधी मागे १.८ मिलिमीटरचा स्पेसर घालायचा. शिमानोच्या बऱ्याच १० स्पीड रोड कॅसेटना त्याशिवाय १ मिलिमीटरचा आणखी एक लागतो, तो कॅसेटबरोबर येतो. स्पेसर विसरलात तर लॉकरिंग, म्हणजे कॅसेट धरून ठेवणारी कडी, पूर्ण आवळूनही कॅसेट डुगडुगते आणि गिअर उड्या मारतात. शिमानोची १२ स्पीड रोड कॅसेट याच फ्रीहबवर बसते. स्रॅमच्या १२ स्पीड रोड कॅसेटला एक्सडीआर फ्रीहब वेगळा घ्यावा लागतो. लॉकरिंग ४० न्यूटन मीटरला आवळा. काढताना चेन व्हिप लागते, बसवताना लॉकरिंगचं टूल पुरतं.

मागचं चाक फ्रेममध्ये बसवायच्या पद्धतीनुसार क्विक रिलीजचे १३० आणि १३५ मिलिमीटर, थ्रू ॲक्सलचे १४२ आणि १४८, चारही मापांचे ॲडॅप्टर येतात. डिस्क ब्रेकवाल्यांनी डाव्या बाजूचा ॲडॅप्टर उलटसुलट लागला नाही ना, ते बघावं, नाहीतर कॅलिपर ट्रेनरच्या अंगाला टेकतो. चाक काढल्याबरोबर पॅडमध्ये प्लास्टिकचा स्पेसर घाला. रिकाम्या कॅलिपरवर चुकून मागचा लिव्हर दाबला की पिस्टन पुढे येतात आणि मग चाक परत बसत नाही.

सायकल चढवल्यावर सगळे गिअर हातानं फिरवून बघा. ट्रेनरची कॅसेट चाकातल्या कॅसेटपेक्षा अर्धा मिलिमीटर जरी आत-बाहेर असली तरी चेन कुरकुरते. डिरेलरच्या, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणाऱ्या भागाच्या, बॅरल ॲडजस्टरला पाव पाव फेरा द्या, आणि किती फेरे दिले ते टेपच्या तुकड्यावर लिहून सीटपोस्टला चिकटवा. बाहेर जाताना तेवढेच उलटे फिरवायचे.

नंतर आलेल्या आवृत्तीत कॅसेटऐवजी झ्विफ्ट कॉग नावाची एकच दातेरी चकती आणि हँडलवर बटणं असतात (झ्विफ्ट म्हणजे पडद्यावरच्या आभासी रस्त्यांवर सायकल चालवायचं ॲप). गिअर यंत्रात बदलतात, २४ आभासी गिअर. घरात दोन वेगळ्या सायकली असतील तर ही फार मोठी सोय, स्पेसरची भानगडच संपते. मात्र गिअर ॲपच्या ताब्यात जातात, आणि चढासाठी आपले खरे गिअर पुरतील का हे घरबसल्या तपासता येत नाही. जोडीदारांबरोबर चढायची तयारी चालली असेल तर आमचा कौल कॅसेटच्या बाजूने.

कनेक्शनची सर्वांत सामान्य तक्रार म्हणजे "ट्रेनर सापडत नाही". दहापैकी नऊ वेळा मोबाइलवरचं वाहूचं ॲप मागे उघडं असतं आणि त्यानं ब्लूटूथ धरून ठेवलेलं असतं. ते पूर्ण बंद करा. ब्लूटूथऐवजी अँट प्लस हे बिनतारी कनेक्शन वापरत असाल तर यूएसबीची कांडी लॅपटॉपच्या मागे न ठेवता एक्स्टेन्शन वायरनं ट्रेनरजवळ आणा.

किलोज्यूल: या यंत्राचा सगळ्यात मोठा फायदा

वजन उतरवणाऱ्यासाठी वॅटपेक्षाही कामाचा आकडा म्हणजे किलोज्यूल. घड्याळं नाडीवरून कॅलरींचा अंदाज करतात, आणि खोली गरम झाली की नाडी चढते, म्हणजे कॅलरी फुगतात. ट्रेनर प्रत्यक्ष केलेलं काम मोजतो. माणसाच्या शरीराची सायकल चालवतानाची कार्यक्षमता साधारण २० ते २५ टक्के आणि एका किलोकॅलरीत ४.१८ किलोज्यूल; हे दोन आकडे एकमेकांना जवळजवळ खोडतात. म्हणून पेडलवर केलेलं १ किलोज्यूल काम म्हणजे शरीरानं जाळलेली साधारण १ किलोकॅलरी, किंवा किंचित जास्त. १८० वॅटने तासभर चालवलं तर ६४८ किलोज्यूल. तेवढ्याच किलोकॅलरी धरा. थोडं कमी धरणं वजन उतरवताना फायद्याचंच.

एक किलो चरबी साधारण ७७०० किलोकॅलरी. दिवसाला सरासरी ४०० ची तूट ठेवली तर आठवड्याला २८००, म्हणजे एक किलोच्या तिसऱ्या हिश्शाहून थोडं जास्त. चार किलोला अकरा आठवडे. मार्चमध्ये चढायचं असेल तर सुरुवात डिसेंबरच्या मध्यातच हवी. फेब्रुवारीत जागे झालात तर दोन किलोंवर समाधान माना. याहून जोरात जाता येतं, पण मग कठीण सेशनचे वॅट पडायला लागतात आणि वर मांडलेलं ३.०३ चं गणित पुढ्यात येतं.

घोळ होतो तो दोनदा मोजण्यात. घड्याळ एक राईड अपलोड करतं, ट्रेनरचं ॲप तीच राईड दुसऱ्यांदा, आणि जेवण नोंदवणारं ॲप दोन्ही जोडून "आज तुम्हाला १३०० कॅलरी जास्त खाता येतील" असं सांगतं. घड्याळाची नोंद बंद करा. "आठवड्याला पाच दिवस ट्रेनर चालवूनही वजन हलत नाही" असं म्हणणाऱ्यांच्या तक्रारीचं मूळ बऱ्याचदा इथे सापडतं. उरलेल्यांत ते राईडनंतरच्या तासाभराच्या खाण्यात असतं.

तूट कुठून काढायची

ट्रेनरवरून नाही. म्हणजे ट्रेनरवरच्या मेहनतीमुळे तूट सोपी होते, पण कठीण सेशनच्या दिवशी तूट ठेवू नका. आठवड्यात दोन दिवस कठीण: एक दिवस १२ मिनिटांचे ३ तुकडे, एफटीपीच्या ९० ते ९५ टक्क्यांवर, मध्ये ५ मिनिटं सावकाश, दुसऱ्या दिवशी ३ मिनिटांचे ५ तुकडे, ११० ते ११५ टक्क्यांवर, मध्ये ३ मिनिटं विश्रांती. या दोन दिवशी जितकं जाळलं तितकं खा. सेशनआधी एक-दोन तास वजनाच्या किलोमागे साधारण १ ग्रॅम कर्बोदकं, म्हणजे आपल्या रायडरला ७५ ग्रॅमच्या आसपास. नंतर लगेच २० ते ३० ग्रॅम प्रथिनं. तूट काढायची ती सावकाश राईडच्या आणि विश्रांतीच्या दिवशी. एफटीपीच्या ६० टक्क्यांवर दीड तास म्हणजे १३८ वॅट आणि ७४५ किलोज्यूल. त्यातले ३०० भरून काढले तरी ४०० ची तूट राहते आणि भूक ताब्यात असते.

सकाळी उपाशीपोटी चालवल्यानं चरबी वेगळ्यानं जळते, हा समज फार पसरलाय. त्या वेळी इंधनात चरबीचा वाटा वाढतो हे खरं, पण दिवसाची तूट तीच राहिली तर आठवड्याअखेर चरबीत फरक पडत नाही. सावकाश तासभर उपाशी चालवायला हरकत नाही. १२ मिनिटांचे तुकडे उपाशीपोटी करू नका, तिसऱ्या तुकड्यात वॅट कोसळतात आणि सेशन वाया जातं.

दिवसभरात प्रथिनं किलोमागे १.६ ते २.२ ग्रॅम, म्हणजे ७६ किलोला १२० ते १६५ ग्रॅम, तीन-चार वेळांत विभागून. तुटीच्या दिवसांत स्नायू टिकवायला याचा आधार मोठा. जेवणातलं बाकी कमी-जास्त करा, हे कमी करू नका.

झोप बिघडणं, सारखी सर्दी, नाडी कठीण सेशनमध्येही वर चढत नसणं, बायकांमध्ये पाळी चुकणं, ही तूट फार खोल गेल्याची लक्षणं आहेत. यांपैकी काही दिसलं तर वजनाचं लक्ष्य गुंडाळून पोटभर जेवा आणि डॉक्टरांना भेटा. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनं २०१४ पासून या अवस्थेला रेड-एस असं नाव दिलंय. हाडं ठिसूळ होण्यापर्यंत मजल जाते, आणि ते नुकसान पुढच्या हंगामात भरून येत नाही. मुळात सडपातळ असलेल्यांनी आणि वाढीच्या वयातल्यांनी ही मोहीम हाती घेऊच नये.

अर्ग मोड: वरदान, आणि खड्डाही

अर्ग मोडमध्ये ट्रेनर ठरलेले वॅट धरून ठेवतो, पाय कितीही वेगात फिरोत. तुटीच्या दिवसांत हे फार कामाचं. बाहेर थकल्यावर माणूस नकळत १५ वॅट सोडून देतो आणि त्याला पत्ताही लागत नाही. अर्गमध्ये ती सोय नाही. ठरलेले २१५ वॅट जमले की नाही, तेवढंच उत्तर येतं, आणि ताकद टिकली आहे का याची दर आठवड्याची परीक्षा त्यातच होते.

खड्डा असा. पाय थकले, कॅडन्स, म्हणजे मिनिटाला पेडलचे फेरे, ९० वरून ७० वर आला. वॅट तेच ठेवायला ट्रेनर दाब वाढवतो. दाब वाढला की कॅडन्स आणखी पडतो, दाब आणखी वाढतो, आणि पाच-सहा सेकंदांत पेडल सिमेंटमध्ये रुतल्यासारखं थांबतं. यातून जोर लावून बाहेर पडता येत नाही. पाय पूर्ण थांबवा, दोन-तीन सेकंदांनी हलक्या हातानं सुरू करा, ट्रेनर हळूहळू वॅट वर नेतो. पुन्हा तसंच झालं तर त्या दिवशीची तीव्रता ५ टक्क्यांनी खाली घ्या. आठवड्यात दोन कठीण सेशन अशीच फसली, तर तो पाय कमजोर झाल्याचा नव्हे, जेवण कमी पडल्याचा इशारा समजा आणि दोन दिवस तूट शून्यावर आणा.

गिअर मधला ठेवा, चेन सरळ राहील असा. पुढे छोटी चेनरिंग (पेडलजवळची दातेरी चकती) ठेवली की फ्लायव्हील हळू फिरतं, आवाज कमी होतो आणि चढावर लागतो तसा सतत दाब जाणवतो. चढाच्या तयारीला हेच बरं. वाहूच्या ॲपमध्ये अर्ग पॉवर स्मूदिंग नावाची सेटिंग असते. ती चालू असेल तर पडद्यावर वॅटची रेष इस्त्री केल्यासारखी सपाट दिसते. ती बंद करा, खरं काय चाललंय ते दिसू द्या.

झ्विफ्ट लागतंच का?

नाही. वाहूच्या ॲपवर अर्ग मोड चालतो आणि वरची दोन्ही सेशन तिथे होतात. झ्विफ्टला दरमहा पैसे मोजावे लागतात, पण थंडीत दीड तास भिंतीकडे बघत चालवणं बहुतेकांना झेपत नाही, आणि न चालवलेला ट्रेनर सगळ्यात महाग पडतो. चढाच्या तयारीसाठी आल्प द्यू झ्विफ्ट हा रस्ता उपयोगाचा आहे. फ्रान्समधल्या आल्प द्युएजवरून बेतलेला, २१ वळणं, १२ किलोमीटरहून थोडा जास्त, १०३६ मीटर चढ. महिन्यातून एकदा त्यावर पूर्ण जोर लावा आणि वेळ लिहून ठेवा.

त्यात दोन गोष्टी तपासा. प्रोफाइलमधलं वजन खरं भरा. त्यावरूनच पडद्यावरचा चढावरचा वेग ठरतो. सकाळी काट्यावर एक किलो कमी दिसला की लगेच आकडा बदलायचा मोह होतो. तो आठवड्यातून एकदा, सात दिवसांची सरासरी काढूनच बदला. दुसरं म्हणजे ट्रेनर डिफिकल्टी, जी मुळात ५० टक्क्यांवर असते. त्यामुळे आठ टक्क्यांचा चढ पायाला चार टक्क्यांसारखा लागतो. वेग तोच, पण गिअर भारी वापरता येतात. मग प्रत्यक्ष चढावर छोटे गिअर संपतात. निदान आल्प चढताना ती १०० वर न्या आणि कॅसेटची सगळ्यात मोठी चकती पुरते का ते बघा. पुरत नसेल आणि कॅडन्स ६० च्या खाली जात असेल, तर ११-२८ ऐवजी ११-३४ दात्यांची कॅसेट घ्या. डिरेलर तेवढी मोठी चकती झेलतो का, तेवढं आधी विचारा. यानं वेग वाढत नाही, पण गुडघे आणि पाय माथ्यापर्यंत टिकतात.

काटा कसा वाचायचा

ट्रेनरच्या राईडनंतर लगेच वजन करून खूश होणारे खूप. तासाभरात लिटर-सव्वा लिटर घाम सहज जातो, म्हणजे एक किलोहून जास्त. तो संध्याकाळपर्यंत परत येतो. राईडआधी आणि नंतर वजन करण्याचा उपयोग एवढाच की पाणी किती प्यायला हवं होतं ते कळतं. स्नायूंतल्या ग्लायकोजेनच्या प्रत्येक ग्रॅमसोबत साधारण तीन ग्रॅम पाणी साठतं. त्यामुळे कठीण सेशननंतर भरपूर जेवलं की दुसऱ्या दिवशी काटा किलोभर वर, आणि दोन दिवस कमी जेवलं की खाली. यात चरबी कुठेच नाही.

उठल्यावर, शौचाला जाऊन आल्यावर, पाणी पिण्याआधी, कमीत कमी कपड्यांत रोज वजन करा आणि फक्त सात दिवसांची सरासरी बघा. चरबीची टक्केवारी दाखवणारा काटा शरीरातून बारीक विद्युतप्रवाह सोडून पाण्यावरून अंदाज बांधतो. घाम गेल्यावर किंवा भरपूर पाणी प्यायल्यावर तो आकडा दोन-तीन टक्क्यांनी इकडे-तिकडे होतो, त्याकडे दुर्लक्षच बरं. बेंबीपाशी मोजपट्टी, आठवड्यातून एकदा, जास्त खरं सांगते.

एफटीपीची चाचणी तुटीच्या दिवसात घेऊ नका. दोन दिवस पूर्ण जेवा, मग २० मिनिटं जमेल तितक्या जोरात चालवा आणि सरासरीचे ९५ टक्के घ्या. चार ते सहा आठवड्यांतून एकदा पुरे.

पंखा, घाम आणि गंज

पंख्याशिवाय हा ट्रेनर अर्धवट आहे. २०० वॅट पेडलवर उतरतात तेव्हा शरीर त्यावर साधारण ७०० वॅट उष्णता बाहेर टाकत असतं, आणि घरात समोरून वारा नसतो. थंड खोलीतही वीस मिनिटांनंतर नाडी चढायला लागते, वॅट मात्र तेच. टेबलावरचा छोटा पंखा पुरत नाही. ४५ सेंटिमीटरच्या आसपासचा जमिनीवरचा मोठा पंखा छाती आणि चेहऱ्यावर येईल असा, दीड-दोन मीटरवर ठेवा. जमलं तर दुसरा पाठीमागून. घरात एफटीपी बाहेरच्यापेक्षा कमी भरतो त्याचं मोठं कारण हेच, आणि हा दोष किकरचा नाही.

घाम सायकलला खातो. तो स्टेमवरून हेडसेटमध्ये आणि हँडलटेपखाली उतरतो. ॲल्युमिनियमचं हँडल टेपखाली आतून पोखरलं जाऊ शकतं आणि वरून काहीच दिसत नाही. हँडल ते सीटपोस्ट अशी घामाची पट्टी बांधा, टॉवेल ठेवा, राईडनंतर ओल्या फडक्यानं पुसून कोरडं करा. मोसम संपला की टेप उलगडून पांढरी भुकटी किंवा खड्डे दिसतात का ते बघा. दिसले तर हँडल बदला, घासून वापरू नका.

बाहेर उतारावर पाय थांबतात, इथे नाही. बूड एकाच जागी दाबलं जातं आणि फ्रेम हलत नाही, म्हणून दर दहा-पंधरा मिनिटांनी तीस सेकंद उभं राहून चालवा. महागड्या किकरला पायाखाली थोडं हलणारे रबरी गोल असतात, कोरला ते नाहीत. मजल्यावर राहणाऱ्यांनी जाड रबरी चटई टाकावी. आवाज कमी असला तरी कंप लाद्यांतून खाली जातो आणि खालच्या घरात तो गुणगुणण्यासारखा ऐकू येतो.

घ्यायचा की नाही

एफटीपी माहीत आहे, चढावरच सुटता आणि आठवड्याला चार-पाच तास निघतात, तर घ्या. हलक्या चाकांवर तेच पैसे घालून ३००-४०० ग्रॅम वाचतात, आणि शर्यतीच्या सायकलीला यूसीआय या सायकलिंगच्या जागतिक संघटनेनं २००० सालापासून घातलेली ६.८ किलोंची खालची मर्यादा बघता सायकलवर वाचवायला फारसं उरतही नाही. अंगावरचे चार किलो त्याच्या दहापट. फक्त थोडं वजन कमी करायचं असेल आणि ग्रुपच्या वेगाची चिंता नसेल, तर बाहेरची राईड, चालणं आणि ताटाकडे लक्ष यांत हे काम होतं; ट्रेनरची गरज नाही. चाकावर टेकणारा स्वस्त ट्रेनर आधीच घरात असेल तर तो लगेच विकू नका. टायर घसरणं आणि हवेच्या दाबानं वॅट बदलणं ही त्याची दुखणी आहेत, पण क्रँकवर पॉवर मीटर असेल तर किलोज्यूलचा सगळा हिशेब त्यावरही होतो.

वापरलेला कोर घेत असाल तर स्वतःची सायकल घेऊन जा. चढवा, ताशी ३५ पर्यंत न्या, पाय थांबवा आणि ऐका. हलकी घरघर चालेल. ठराविक लयीत टकटक किंवा खरखर आली तर बेअरिंग किंवा पट्टा गेलाय. मग अर्गमध्ये २५० वॅट लावून दोन मिनिटं चालवा; मध्येच दाब सुटून परत आला तर पट्टा घसरतोय. दहा मिनिटांनी स्पिनडाउन करा, ते पूर्ण होऊन आकडा मिळाला पाहिजे. फ्रीहब हातानं हलवून बघा, कॅसेटचे दाते टोकदार झालेत का ते बघा. आणि चारही ॲडॅप्टर व मूळ पॉवर अडॅप्टर पिशवीत आहेत ना, ते मोजून घ्या. हे तुकडे वेगळे शोधायला गेलं की स्वस्तात मिळालेला ट्रेनर महाग पडतो.